शेत आणि सेवा : केडगावचा दाखला

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) शारदासदन या विधवांसाठीच्या आपल्या शाळेच्या योगक्षेमासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन खरेदी केली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना या जमिनीच्याच आधारावर तेथील मुक्तिसदन या आश्रमात अन्न, विद्या व उद्योग लाभला.

केडगावातील विहिरी, फळबागा आणि प्रार्थना यांचा हा संगम बुलढाणा जिल्ह्यासही अनुकरणीय आहे. या जिल्ह्यातील खामगाव हे अलायन्स मिशन या ख्रिस्ती मिशनचे जुने ठाणे. शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त असल्याने, चर्चच्या जमिनीवर पावसाचे पाणी साठविणारे शेततळे खोदून ते सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांस खुले ठेवणे, हीच येथील श्रेष्ठ सेवा ठरेल.