फिल्टरच्या माथी मारलेला दोष

१ एप्रिल २०२० रोजी देशभर वाहनांच्या धुरावरची बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा टाळेबंदी होती आणि रस्ते ओस पडले होते. गाडीच्या पोटाखाली काय नवे आले आहे याची दखल दहिवडी-म्हसवडच्या किंवा आटपाडी-विट्याच्या गॅरेजांत त्यामुळे उशिराच घेतली गेली. दूध गोळा करणाऱ्या, डाळिंबाची क्रेट वाहणाऱ्या डिझेल पिकअपच्या डॅशबोर्डवर एक नवा दिवा लागू लागला, गाडी लोड घेईना झाली आणि ‘फिल्टर चोकअप’ हा शब्द मिस्त्रींच्या तोंडी रुळला. ट्रॅक्टरवर कडक मानकांचे तेच पाऊल १ जानेवारी २०२३ ला पडले, तेही ५० अश्वशक्तीच्या वरच्या यंत्रांपुरते. अमेरिकेत मात्र २५ अश्वशक्तीच्या वरचे छोटे ट्रॅक्टरही २०१३ पासून काजळीच्या कडक मर्यादेखाली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर काजळी अडवणारा हा फिल्टर आहे. मागोवा घ्यायला एवढा काळ पुरेसा आहे. त्यातून मला दिसते ते असे: फिल्टर भरला म्हणून जे ट्रॅक्टर अडले, त्यांचा खरा बिघाड बहुतांशी फिल्टरच्या आधीच्या भागांत किंवा त्या ट्रॅक्टरला दिलेल्या कामात होता. फिल्टर फक्त त्याची नोंद ठेवत होता, आणि दुरुस्ती झाली ती मात्र नोंदवहीची.

हा भाग आपल्याकडे उशिरा येण्याचे एक मोठे कारण डिझेलमध्ये होते. २००० साली देशातल्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालत असे. २०१० पर्यंत देशभरची मर्यादा ३५० वर आली, २०१७ मध्ये ५० वर आणि २०२० मध्ये १० वर. गंधक जास्त असेल तर फिल्टरच्या आधी बसणारा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट निकामी होत जातो, म्हणून स्वच्छ डिझेलाआधी फिल्टर आणणे म्हणजे पैसे मातीत घालणे होते. ट्रॅक्टरची स्वतंत्र ‘ट्रेम’ मानके १९९९ पासून सुरू झाली. पुढचे टप्पे २००३, २००५ आणि २०१०-११ मध्ये आले आणि ते सगळे साध्या यांत्रिक पंपावर निभावले. उडी पडली ती चौथ्या टप्प्यात. ३७ ते ५६ किलोवॅटच्या इंजिनाला आधी दर किलोवॅट-तासामागे ०.४ ग्रॅम काजळी माफ होती, ती ०.०२५ ग्रॅमवर आली. सोळापट कपात. धूर काढतोय म्हणजे ट्रॅक्टर ताकद लावतोय, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती धरून बसलेल्यांना हा आकडा पचणे अवघड आहे. धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि न जळता गेलेले डिझेल, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

आता फिल्टर करतो काय ते पाहू. आत सिरॅमिकचा सच्छिद्र ठोकळा असतो, त्यात शेकडो बारीक नळ्या आणि त्या आळीपाळीने एका टोकाला बंद केलेल्या. धूर एका नळीतून शिरतो, भिंतीतून गाळला जाऊन शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर राहते. ही काजळी जाळण्याचे दोन मार्ग आहेत. इंजिन चांगल्या लोडवर असेल आणि धुराचे तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या वर टिकून असेल, तर कॅटॅलिस्टमधून तयार होणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती चालता-चालता जळत राहते. चालकाला पत्ताही लागत नाही. तसे झाले नाही तर यंत्रणा जादा डिझेल सोडून फिल्टर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवते. हेच ते ‘रिजनरेशन’. दोन्ही चुकले की काजळी साठते, धुराला अडथळा होतो आणि इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते. सगळा खेळ तापमानाचा आहे, आणि तापमान ठरते कामावरून.

माणदेशातल्या ट्रॅक्टरचे वर्ष या नजरेने पाहिले की बरेचसे कोडे सुटते. खडकाळ, मुरमाड रानात नांगरट असते, रोटाव्हेटर असतो, रब्बी ज्वारीची मळणी असते. या कामांत इंजिन पूर्ण लोडवर तासन्‌तास चालते, आणि मळणीच्या हंगामात फिल्टरची तक्रार आपोआप मिटत असेल तर त्यात नवल नाही. पण ही कामे थोड्या दिवसांची. उरलेले वर्ष कशात जाते? डाळिंबाच्या बागेत एचटीपी पंपावर औषध फवारण्यात. तेल्या रोगाच्या धास्तीने या फवारण्या वारंवार होतात, आणि एचटीपी पंपाला लागणारी ताकद ट्रॅक्टरच्या क्षमतेपुढे किरकोळ असते. दोन माणसे नळी ओढत झाडामागून झाड भिजवत जातात, ट्रॅक्टर बांधावर कमी आरपीएमवर गुरगुरत उभा. टँकरच्या दिवसांत पाणी भरेपर्यंत इंजिन चालूच. बाजाराला किंवा डेअरीला छोटी फेरी, आणि इंजिन तापायच्या आत किल्ली बंद. इंजिनाच्या दृष्टीने हे सगळे थंड काम आहे. टेंभू आणि जिहे-कठापूर उपसा योजनांच्या पाण्याने बागायत वाढते तशी अशी हलकी, थांबत-थांबत चालणारी कामेही वाढतात. ब्लोअरने फवारणी केली तर लोड बरा मिळतो; फिल्टरच्या हिशेबात एचटीपी आणि ब्लोअर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अमेरिकेचा अनुभव इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. तिथल्या नियमांनुसार १३० किलोवॅटखालच्या इंजिनाच्या फिल्टरची ठरीव सफाई ३,००० तासांच्या आत ठेवता येत नाही. म्हणजे राखेने फिल्टर भरायला एवढा काळ लागावा असे गृहीत आहे. तरी तक्रारी काही शे तासांतच सुरू झाल्या, आणि त्या प्रामुख्याने घरामागचे गवत कापणाऱ्या, बर्फ सारणाऱ्या, दहा मिनिटे लोडर वापरून बंद होणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांच्या. काजळी आणि राख यांतला फरक इथे निर्णायक ठरतो. काजळी जळते, राख जळत नाही, कारण ती इंजिन ऑईलमधल्या कॅल्शियम-जस्ताच्या संयुगांची असते आणि हळूहळूच साठते. तीनशे-चारशे तासांत अडलेला फिल्टर राखेने भरलेला असणे जवळपास अशक्य. त्यावर ‘फिल्टरचे आयुष्य संपले’ असे निदान देणारा माणूस एकतर घाईत आहे किंवा नवा फिल्टर विकायला बसला आहे.

मग शोध कुठून सुरू करावा? सर्वांत स्वस्त गोष्टीपासून. फिल्टर किती भरला हे यंत्रणा डोळ्यांनी पाहत नाही. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक छोटा सेन्सर आणि त्याला जोडलेल्या दोन बारीक नळ्या यांवरूनही ती अंदाज बांधते. त्यातली एक नळी काजळीने बुजली, तडकली किंवा उष्णतेने वितळली की चांगला फिल्टर भरलेला दिसतो, नाहीतर भरलेला फिल्टर रिकामा. किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना हा सेन्सर शून्याजवळ दाखवत नसेल तर पुढचे काही उघडण्याआधी तोच बदलावा. त्यानंतर इंजिन नीट तापते का ते पाहावे. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर पाणी कामाच्या तापमानाला पोहोचत नाही आणि यंत्रणा रिजनरेशनला परवानगीच देत नाही. तिसरा भाग हवेचा. मे महिन्यातल्या माणच्या फुफाट्यात एअर क्लीनर किती लवकर भरतो हे सांगायला नको. हवा कमी पडली की काजळी वाढते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा इजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी तेच. गळणारा इंजेक्टर आणि टर्बोच्या सीलमधून धुरात जाणारे ऑईल ही दोन कारणे जास्त खर्चाची, पण ती न शोधता फिल्टर कितीही वेळा साफ केला तरी दिवा पुन्हा लागणार. आणि एक खूण अशी की तिला कसले यंत्र लागत नाही: डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसणे. सुरू झालेली रिजनरेशन पुन्हा पुन्हा अर्ध्यात तोडली की न जळालेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑईलमध्ये उतरते. वाढलेले ऑईल पाहून समाधान मानणाऱ्याचे बेअरिंग धोक्यात असते.

दोन स्थानिक उपायांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पहिला, फिल्टर सोडवून सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाने किंवा ॲसिडने धुणे. पाण्याने सफाईची शास्त्रशुद्ध पद्धत आहे, पण त्यात प्रवाहाची दिशा, दाब, वाळवण आणि आधी-नंतरचे वजन हे सगळे सांभाळावे लागते. नुसत्या फवाऱ्याने राखेचा चिखल नळ्यांच्या टोकाला जाऊन बसतो, ठोकळा तडकू शकतो आणि ॲसिडने त्यावरचा कॅटॅलिस्टचा लेप जातो. दुसरा उपाय म्हणजे उभ्या ट्रॅक्टरवर स्कॅनर लावून जबरदस्तीची रिजनरेशन उरकणे. ती कधीकधी लागतेच, पण वस्तीवर कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या पाचटावर ट्रॅक्टर उभा करून ती सुरू करणे म्हणजे आगीला आवतण. आणि कारण न शोधता केलेली अशी रिजनरेशन म्हणजे पुढच्या भेटीची तारीख ठरवून घेणे.

यावर पहिला आक्षेप असा, की फिल्टर आतून फोडून सरळ पाइप टाकावा, कटकट संपली. कायद्याची बाजू आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला दुसरे कारण पटते. फिल्टर काढला की ट्रॅक्टरच्या संगणकालाही फसवावे लागते, आणि एकदा ते सॉफ्टवेअर बदलले की गळणारा इंजेक्टर किंवा अडकलेला इजीआर दाखवणारा इशाराच बंद होतो. आजार तसाच राहतो, ताप मोजणारा मात्र हाकलला जातो. ‘शेत मोकळे आहे, धुराने कुणाचे काय बिघडते’ हेही म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवले. बागेच्या दोन ओळींमध्ये ट्रॅक्टरमागे चालणारी माणसे मोकळ्या हवेत असली तरी धुराच्या तोंडाशीच असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आमचे ट्रॅक्टर इतके लहान, की हा नियम आम्हाला लागतच नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ अश्वशक्ती, या रेषेखाली अमेरिकेत फिल्टर लागत नाही आणि आपल्या ट्रेमच्या पाचव्या टप्प्यातही तिथे काजळीची मर्यादा फिल्टरशिवाय पाळता येईल एवढी सैल ठेवली आहे. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिळणारे ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर या रेषेच्या पुष्कळ आत येतात. २४ अश्वशक्तीची बागेतली मॉडेलेही आतच. म्हणून ज्याचे मुख्य काम एचटीपीवरची फवारणी आणि आंतरमशागत आहे त्याने रेषेखालचाच ट्रॅक्टर घ्यावा, असे माझे मत आहे. मोठेपणाच्या हौसेने ४५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन त्याला पाच अश्वशक्तीचे काम देण्यात शहाणपण नाही. पण नांगरट, मळणी आणि ट्रॉली ज्यांच्या पोटापाण्याची आहे त्यांना २५ ते ५० च्या गटाशिवाय पर्याय नाही, आणि देशातले बहुसंख्य ट्रॅक्टर त्याच गटातले आहेत.

तिसरे म्हणणे असे, की फिल्टर टाळूनही मानके पाळता येतात. महिंद्राने अमेरिकेत केवळ कॅटॅलिस्टवर भागवलेले छोटे ट्रॅक्टर विकले आणि ‘फिल्टर नाही’ हीच त्यांची जाहिरात होती. दाखला बरोबर आहे, पण तो फक्त काजळीच्या वजनावर मर्यादा असलेल्या नियमातला. युरोपच्या धर्तीवर आपल्या पाचव्या टप्प्यात १९ किलोवॅटच्या वर कणांच्या संख्येवरही मर्यादा घातली आहे, आणि ती गाठायला भिंतीतून गाळणाऱ्या फिल्टरशिवाय व्यवहार्य मार्ग दिसत नाही. तारखा सरकल्या हे खरे. २०१८ च्या अधिसूचनेत चौथा टप्पा ऑक्टोबर २०२० चा होता, तो जानेवारी २०२३ मध्ये आला. पाचवा एप्रिल २०२४ चा होता, तो एप्रिल २०२६ वर ढकलला गेला. तारीख पुढे गेल्याचा आनंद मानण्यापेक्षा मिळालेला वेळ वापरला का, हा प्रश्न महत्त्वाचा.

तो वेळ फारसा वापरलेला नाही. दाबाचा सेन्सर काय वाचतो, शेवटची रिजनरेशन पुरी झाली की तुटली, हे सगळे संगणकात असते आणि ते वाचणारे यंत्र बहुधा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे. माण तालुक्यासारख्या विखुरलेल्या भागात ट्रॅक्टर ट्रॉलीवर चढवून तिथवर नेणे हाच अर्धा खर्च. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतीयंत्रांची दुरुस्तीची माहिती आणि साधने मालकाला व स्वतंत्र कारागिराला देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. अनुदानातून ट्रॅक्टर वाटणाऱ्या आपल्या राज्याला हीच अट कंपन्यांना घालणे अवघड नाही, आणि आयटीआयच्या ट्रॅक्टर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात फिल्टरचे निदान हाताने शिकवणेही अवघड नाही.

तोवर २५ अश्वशक्तीच्या वरचा नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याने शोरूममध्ये सवलतीइतकीच घासाघीस आणखी काही गोष्टींवर करावी. त्याला फिल्टर आहे का, रिजनरेशन उभ्याने करावी लागते की चालता-चालता होते, आणि स्कॅनर घेऊन वस्तीवर कोण आणि किती दिवसांत येईल, हे लेखी घ्यावे. ऑईल सीजे-४ किंवा सीके-४ दर्जाचेच घ्यावे. त्यात राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे, जुन्या सीआय-४ ला तशी नव्हती. आणि फिल्टर बदलायला सांगणाऱ्याकडे आधी दाबाच्या सेन्सरचा आकडा मागावा. तो दाखवता येत नसेल तर फिल्टर उघडू देऊ नये.