आईचं काम करणारी बाई : सुलभा देशपांडे

आम्ही साकीनाक्याच्या बायका. आमच्या शेजारीच चांदिवलीला सिनेमाचा जुना स्टुडिओ आहे. म्हणून आज सिनेमा-नाटकातल्या एका बाईविषयी बोलायचं ठरवलं. त्या नायिका म्हणून गाजल्या नाहीत. सिनेमात त्या बहुतेक वेळा आई, सासू, आजी असायच्या. त्यांचं नाव सुलभा देशपांडे.

नायक-नायिका सोडून अशी कामं करणाऱ्यांना सहाय्यक कलाकार म्हणतात. पडद्यावर त्यांना वेळ थोडा मिळतो, पोस्टरवर चेहरा क्वचितच येतो. पण नायिकेचं दुःख आपल्याला खरं वाटायचं, तर तिच्यासमोरची आई आधी खरी वाटावी लागते. ती खोटी वाटली की गोष्टच कोसळते.

सुलभाताईंचा जन्म १९३७ सालचा, मुंबईचा. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांसाठी नाटकं बसवता बसवता त्या रंगभूमीवर रुळल्या. ‘रंगायन’ संस्थेत त्यांनी काम केलं. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात त्यांनी लीला बेणारे उभी केली. दिग्दर्शक होते त्यांचे पती अरविंद देशपांडे.

या नाटकाची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. बेणारे ही शिक्षिका. लग्न झालेलं नाही आणि दिवस गेलेले. बरोबरची मंडळी गंमत म्हणून खोटं कोर्ट भरवतात, आणि खेळता खेळता तिच्या चारित्र्याचाच खटला चालवतात. तिला दिवस ज्याच्यापासून गेले, तो पुरुष तिथे हजरही नसतो. बाईला पिंजऱ्यात उभं करणारं असं कोर्ट पारावर भरतं, नळावरही भरतं. कधी कधी आपणच त्यात साक्षीदार असतो. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकाचा सिनेमा केला, त्यातही बेणारे सुलभाताईच होत्या.

एवढं मोठं काम केलेली बाई पुढे छोट्या भूमिकांना कमी लेखत बसली नाही. ‘भूमिका’ (१९७७) या सिनेमात त्या स्मिता पाटील यांची आई झाल्या. पोरीच्या लग्नाला विरोध करणारी ती आई कडक आहे, पण दुष्ट नाही. ‘चौकट राजा’ (१९९१) मध्ये मुलगा अंगाने मोठा, बुद्धीने लहान. त्याला सांभाळणारी आई त्यांनी केली. असं लेकरू घरात असलेल्या बाईला ती आई परकी वाटणार नाही. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मध्ये त्या श्रीदेवींच्या सासूबाई होत्या. इंग्रजी येत नाही म्हणून घरात जिची थट्टा होते, त्या सुनेला माया लावणारी ही सासू. सिनेमातल्या छळणाऱ्या सासवा पाहून कंटाळलेल्यांना ती फार आवडली.

पडद्यामागचं त्यांचं काम तर याहून मोठं. १९७१ साली अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत त्यांनी ‘आविष्कार’ संस्था उभी केली. मोठं थिएटर परवडत नाही, म्हणून १९७४ पासून छबिलदास शाळेच्याच सभागृहात नाटकं होऊ लागली. नव्या लेखकांना आणि नटांना तिथे जागा मिळाली. मुलांसाठी ‘चंद्रशाला’ हा विभाग सुरू झाला. ‘दुर्गा झाली गौरी’ या त्याच्या नृत्यनाटकात कितीतरी मुलं नाचली, गायली, धीट झाली.

१९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले. पण त्यांच्या मागे संस्थेचं काम थांबलं नाही. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ४ जून २०१६ रोजी त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही असं असतं. अध्यक्षाचं नाव बातमीत येतं. पण वही लिहिणारी, बँकेत रांगेत उभी राहणारी, रुसलेल्या बाईला घरी जाऊन परत आणणारी बाई नसेल, तर गट चार महिनेही टिकत नाही. तिचं काम दुय्यम नाही. पुढच्या बैठकीत एक करा : आपल्या गटात ही कामं कोण करतं ते सगळ्यांसमोर बोला आणि तिचं नाव ठरावाच्या वहीत लिहा.