आत्मकथनातील बालपण : आघात, स्वभाव आणि स्मृती

आत्मकथनांचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा एक सरळ कार्यकारणभाव गृहीत धरते. बालपणी आघात झाला, त्याचा व्रण मनावर राहिला आणि त्यातून उत्तरायुष्यातील अस्वस्थता उद्भवली, अशी ती मांडणी असते. ती सर्वस्वी चुकीची नाही. १९९८ साली फेलिटी व अँडा यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील सॅन डिएगो येथील ९,५०८ प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सात प्रकारच्या प्रतिकूल बालानुभवांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात व्यसनाधीनता, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण चार ते बारा पटींनी अधिक आढळले.

परंतु ही माहिती प्रौढांनी आठवून सांगितलेली होती, आणि साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते नेमके येथे. पुढे डनीस व विडम यांनी अमेरिकेतील अशा मुलांचा मागोवा घेतला, ज्यांच्या छळाची वा हेळसांडीची नोंद १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात झाली होती. तुलनेसाठी घेतलेल्या व्यक्ती धरून १,१९६ जणांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. न्यायालयात नोंद आहे, पण स्वतःला तसे काही आठवत नाही, अशांमध्ये मनोविकारांचा धोका फारसा वाढलेला नव्हता. ज्यांना आठवत होते त्यांच्यात तो स्पष्टपणे अधिक होता. नोंद असो वा नसो. याचा अर्थ घटना निरर्थक ठरते असा नव्हे. घटनेचा मनात जो अनुभव होतो तोच पुढे वागवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

या अनुभवात स्वभावाचा वाटा मोठा असतो. लवकर धास्तावणारी, दुःख मनात घोळवीत राहणारी प्रकृती, म्हणजे मानसशास्त्राच्या परिभाषेत भावनिक अस्थिरता, नैराश्याकडे अधिक झुकते आणि भूतकाळही गडद रंगात पाहते. शिवाय हा स्वभाव काही अंशी आघातानेच घडलेला असतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एका व्यक्तीच्या बाबतीत निर्णायकपणे सांगणे कठीण होते.

‘श्यामची आई’मध्ये पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई मारते. प्रश्नावलीच्या चौकटीत हा शारीरिक मार ठरेल. श्यामच्या स्मृतीत मात्र तो वात्सल्याचाच एक आविष्कार आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिणाऱ्या साने गुरुजींच्या भावविभोर, कृतज्ञ वृत्तीने त्या प्रसंगाला हा अर्थ दिला. तोच मार दुसऱ्या प्रकृतीच्या मुलाने निराळ्या रीतीने सांगितला असता; आणि ते सांगणेही खोटे ठरले नसते.

येथे एका धोक्याचा निर्देश करणे आवश्यक आहे. ‘स्मृती स्वभावाने रंगते’ हे विधान हाती धरून दलित आत्मकथनांवर अतिरंजिततेचा आरोप करणे सोपे आहे. तसा आरोप पूर्वी झालेलाही आहे. वास्तविक पुरावा त्याला अनुकूल नाही. २०१९ साली सोळा अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, ज्यांच्या छळाची बालपणीच नोंद झाली होती त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांनी मोठेपणी त्याचा उल्लेख केला नाही. न सांगणे हे इतके सर्रास आहे. त्यातही १९९८ची ती प्रश्नावली घराच्या उंबरठ्याआतच थांबते. आईबापांची मारहाण तीत मोजली जाते; पाणवठ्यावरचा वा शाळेतला जातीय अपमान तीत कोठेच बसत नाही. मापनाची ही उणीव आत्मकथनाच्या माथी मारण्याचे कारण नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाची रचना या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलासवरलेला, पांढरपेशा जगात वावरणारा दया पवार ती ऐकतो. या रचनेकडे केवळ निवेदनतंत्र म्हणून पाहिले, तर भोगणारा आणि आठवणारा हे एकाच देहात असूनही एक नाहीत, ही लेखकाची स्वतःची जाणीव नजरेतून निसटते.