धोक्यांचा नकाशा

तुम्ही सायकलने शाळेत येता का? येत असाल, तर वाटेतला एखादा खड्डा तुम्हांला चांगलाच पाठ असेल. तो जवळ आला की हँडल आपोआप दुसरीकडे वळते. कोणत्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा अचानक पुढे येते, कोठे खडी पसरलेली असते, कोठे उभ्या मोटारीचे दार एकदम उघडते, हे सारे तुम्हांला ठाऊक असते. पण ही माहिती असते कोठे? फक्त तुमच्या डोक्यात. तुमच्या वर्गात कालच दाखल झालेल्या मुलाला ती नसते. रस्ता दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यालाही ती नसते.

अशी विखुरलेली माहिती एका नकाशावर गोळा केली तर? असा एक प्रयत्न कॅनडा देशात झाला आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ व्हँकूवर नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला व्हिक्टोरिया हे शहर आहे. तेथे सायकलने कामावर जाणारे लोक पुष्कळ आहेत. या शहरातील विद्यापीठात ट्रिसालिन नेल्सन या भूगोलाच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली 'बाइकमॅप्स' नावाचा एक नकाशा संगणकावर सर्वांसाठी खुला केला. तुम्ही म्हणाल, नकाशे तर आधीही होते. होते, पण हा नकाशा भरायचा होता सायकल चालवणाऱ्यांनी. कोठे टक्कर झाली, कोठे आपण थोडक्यात वाचलो, कोठे रस्ता धोक्याचा आहे आणि कोठून सायकल चोरीला गेली, त्या जागी खूण करायची आणि काय घडले ते लिहायचे. लिहिणाऱ्याचे नाव नकाशावर दिसत नाही.

अपघातांच्या सरकारी नोंदी असताना हा खटाटोप कशाला? कारण त्या नोंदींत बरेच काही येत नाही. मोटारीने सायकलला धडक दिली, तर पोलिसांत किंवा विम्याच्या कागदांत त्याची नोंद होते. सायकलस्वार ओल्या पानांवरून एकटाच घसरला, तर बहुधा होत नाही. आणि ट्रक अगदी अंगाजवळून गेला, पण लागले काहीच नाही, तर? आपण सुटकेचा श्वास टाकतो, छातीची धडधड थांबेपर्यंत उभे राहतो आणि पुढे निघतो. घरीसुद्धा सांगत नाही. सांगितले तर सायकल बंद होईल, ही भीती असते! पण आज जेथे एक जण थोडक्यात वाचला, तेथे उद्या दुसरा सापडू शकतो. म्हणून न घडलेल्या अपघाताची नोंदही मोलाची असते.

एकटी खूण फारसे बोलत नाही. पुष्कळ खुणा एका जागी जमल्या की त्या बोलू लागतात. याचे एक जुने उदाहरण इतिहासात आहे. 1854 साली लंडन शहराच्या एका भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरांनी कोणत्या घरात किती माणसे दगावली, ते नकाशावर काळ्या रेघांनी दाखवले. त्या रेघा ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेल्या होत्या. साथीमागे त्या पंपाचे पाणी आहे, असे त्यांचे मत होते आणि त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. ('नकाशा' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच. उर्दूतला 'नक्शा' आणि मराठीतला 'नकाशा' एकाच घरचे आहेत.)

व्हिक्टोरियातही असेच झाले. तेथे एका जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी लांबलचक वाट केलेली आहे. या वाटेवर मोटारी नाहीत. मग ती सुरक्षितच असणार, असे कोणालाही वाटेल. पण अशी वाट मध्येच मोटारींचा रस्ता ओलांडते. सायकलस्वार निर्धास्तपणे येतो आणि मोटारचालकाला तो शेवटच्या क्षणी दिसतो. लोकांनी केलेल्या खुणांच्या आधारे संशोधकांनी अशा ओलांडण्याच्या जागांचा खास अभ्यास केला.

धोका कळला की उपाय कधी कधी अगदी सोपा असतो. रस्त्याच्या कडेची गटाराची लोखंडी जाळी आठवा. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या असतील, तर सायकलचे अरुंद चाक दोन पट्ट्यांच्या फटीत अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी चौकोनी असेल, तर ती उचलून आडवी फिरवून बसवली की काम झाले. पण कोठली जाळी फिरवायची, हे कोणीतरी सांगायला हवे ना!

अशा नकाशाला एक उणीवही आहे. ज्यांच्याजवळ संगणक किंवा फोन आहे आणि खूण करायला सवड आहे, तेच खुणा करतात. पहाटे दूध पोहोचवणारा सायकलवाला, कारखान्यातून रात्री परतणारा कामगार, लहान मुले यांच्या अडचणी त्यावर कमीच उमटतात. म्हणून नकाशावर कोरा दिसणारा रस्ता सुरक्षित असतोच असे नाही. कदाचित तो इतका वाईट असेल, की तेथे कोणी सायकल नेतच नाही. उलट, एखाद्या रस्त्यावर खूप खुणा दिसतात, त्या तेथून खूप सायकली जातात म्हणूनही असतील.

तुम्हांला असा नकाशा करायला संगणकच हवा असे नाही. एक मोठा कागद घ्या. मध्ये शाळा काढा. मग मुले ज्या रस्त्यांनी येतात ते रस्ते काढा आणि कागद वर्गाच्या भिंतीवर लावा. पायी येणाऱ्या मुलांनाही विचारा. त्यांना वेगळे धोके दिसतात. खुणेजवळ तारीख आणि वेळ लिहा. दुपारी शाळा सुटताना धोक्याचा असलेला चौक सकाळी अगदी मोकळा असू शकतो. 'रस्ता खराब आहे' असे लिहून उपयोग नाही. 'पुलाच्या उतारावर, डाव्या कडेला, गटाराचे झाकण तुटलेले' असे लिहिले, तर नगरपालिकेच्या माणसाला ती जागा सापडेल. अर्ज करताना नकाशाची नक्कल सोबत जोडा आणि अर्जाची तारीखही नकाशावर लिहून ठेवा.

खड्डा बुजवला गेला, तरी खूण पुसू नका. तिच्याजवळ दुरुस्तीची तारीख लिहा. पुढच्या पावसाळ्यात तोच खड्डा पुन्हा उघडला, तर तो किती महिने टिकला, हे नकाशाच सांगेल.