वाटखर्चाचा हिशेब : कर्जत–खालापुरातील पेठ, रेशन आणि दवाखाना

(लेखमाला : डोंगर, रस्ता आणि पेठ — लेखांक सातवा)

एखादी सेवा लोकांपासून किती दूर आहे, हा प्रश्न नियोजनाच्या कागदावर बहुधा किलोमीटरमध्ये विचारला जातो. परंतु रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला असलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हे माप फारसे कामाचे नाही. पूर्वेला सह्याद्रीचा कडा, पश्चिमेला माथेरानची रांग, आणि मधल्या सखल पट्ट्यातून एकीकडे उत्तरेला जाणारी उल्हास तर दुसरीकडे पश्चिमेला वळणारी पाताळगंगा, अशी येथील भूरचना असल्यामुळे नकाशावर तीन किलोमीटरवर दिसणारी पेठ डोंगरउतारावरच्या वाडीला पायवाटेने तासाभराहून अधिक लांब पडू शकते, आणि ओढ्याला पाणी चढले की त्या दिवसापुरती नाहीशीच होते. म्हणून प्रस्तुत लेखांकात ‘पोहोच’ ही संज्ञा एका नेमक्या अर्थाने वापरली आहे : घरातून निघून, हवी ती वस्तू किंवा सेवा परवडेल अशा खर्चात मिळवून, त्याच दिवशी उजेडात घरी परतता येणे.

दळणवळणाच्या दृष्टीने हा प्रदेश मागास आहे असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचली होती आणि १८६३ मध्ये बोरघाट रेल्वेने ओलांडला गेला. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढू लागली. आणि २००२ पासून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्याला छेदून धावतो आहे. अडचण अशी की हे सर्व मार्ग मुंबईला दुसऱ्या कशाशी तरी जोडण्यासाठी आखले गेले, आणि वाटेतली गावे त्यांना आयती लागली किंवा लागलीच नाहीत. द्रुतगती मार्ग हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे, ठरावीक ठिकाणांखेरीज चढता-उतरता येत नाही, आणि त्याच्या कडेचे फूड मॉल ज्यांच्यासाठी उभे आहेत ते गिऱ्हाईक पुण्यामुंबईचे आहे. कुंपणापलीकडच्या गावातली बाई तिथे मीठमिरची घ्यायला जात नाही, ती रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जाते आणि जुन्या महामार्गावर गाडीची वाट पाहते.

दुकाने आणि सेवा कोठे टिकतात याचे एक जुने पण अजूनही उपयोगी पडणारे विवेचन जर्मन भूगोलज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये मांडले. त्यांच्या मांडणीत दोन कल्पना मध्यवर्ती आहेत. पहिली ‘किमान मागणी’, म्हणजे एखादे दुकान तोट्यात न जाता चालण्यासाठी लागणारे कमीत कमी गिऱ्हाईक. आणि दुसरी ‘पल्ला’, म्हणजे त्या वस्तूसाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती लांब यायला तयार असते ते अंतर. चहापत्ती, बिडीकाडी, तेलाची पुडी यांची किमान मागणी थोडी आणि पल्ला आखूड, त्यामुळे त्यांचे दुकान वीस-पंचवीस घरांच्या वाडीतही तग धरते. लग्नाचा बस्ता किंवा सोने यांची किमान मागणी मोठी आणि पल्ला लांब, त्यामुळे त्यांची दुकाने थोड्या पण मोठ्या पेठांत एकवटतात. कर्जत तालुक्यात वाडीवरची टपरी, त्यावर कडाव, कशेळे यांसारखी रस्त्यावरची गावे, त्यांच्यावर नेरळ आणि कर्जत, आणि शेवटी रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला कल्याण, अशी उतरंड डोळ्यांना दिसते.

ही उतरंड सरकारी कामांच्या बाबतीत मात्र विसकटते. खालापूर तालुक्याची मोठी पेठ खोपोलीत आहे, पण तहसील कार्यालय खालापूर गावात. दोन्ही तालुक्यांचे प्रांत कार्यालय कर्जतला, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणला, आणि जिल्ह्याचे मुख्यालय समुद्रकाठी अलिबागला, जिथे कर्जतहून जायचे तर पेणमार्गे लांबचा प्रवास करावा लागतो. एका फेरीत दाखला, खरेदी आणि दवाखाना अशी तीन कामे उरकण्याची ग्रामीण कुटुंबाची रीत अशा मांडणीत निकामी होते, कारण तीन कामे तीन दिशांना विखुरलेली असतात. कार्यालये बांधताना जमीन कोठे उपलब्ध आहे हे पाहिले जाते. लोक बाजाराला कोठे जातात हे पाहिले जात असल्याचा पुरावा क्वचितच आढळतो.

परवडण्याचा प्रश्न येथून सुरू होतो. वस्तूची खरी किंमत म्हणजे दुकानदाराने सांगितलेला भाव, अधिक जाण्यायेण्याचे भाडे, अधिक त्या दिवसाची बुडालेली मजुरी. उदाहरणादाखल धरून चालू की वाडीवरून पेठेला जाऊन येण्याचे भाडे ६० रुपये आहे आणि तांदळाचा भाव पेठेत वाडीपेक्षा किलोमागे ६ रुपयांनी कमी आहे. तर नुसते भाडे भरून निघण्यासाठी १० किलो तांदूळ एकदम घ्यावा लागेल, आणि ३०० रुपयांचा रोज बुडाला तर तो भरून काढायला आणखी ५० किलो. ज्याच्या हातात आठवड्याची मजुरी आठवड्यालाच येते त्याला हे जमणारे नाही. म्हणून तो वाडीवरच्या दुकानात पावशेर-अर्धा किलो घेतो, चढ्या भावाने घेतो, आणि त्याच्या स्वतःच्या हिशेबात तो चुकत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांचा अभ्यास करून गरीब माणूस तीच वस्तू अधिक किमतीला घेतो हे दाखवून दिले होते. फरक एवढाच की तिथे कारण मुख्यतः हप्त्यांची खरेदी हे होते आणि येथे त्यात डोंगराची भर पडते.

वाडीवरच्या दुकानदाराला लुटारू ठरवणे सोपे असले तरी ते पुरेसे न्याय्य नाही. तो पेठेतून माल स्वतः भाडे भरून आणतो, रात्री दार ठोठावले तरी उघडतो, आणि मुख्य म्हणजे वहीत नाव लिहून उधार देतो, जे पेठेतले मोठे दुकान अनोळखी माणसाला देत नाही. त्याच्या भावात या उधारीचे व्याज मिसळलेले असते. हे व्याज किती हे गिऱ्हाइकाला कधीच वेगळे दिसत नाही, आणि खरी हरकत घ्यायची असेल तर ती येथे घेता येईल.

कोकणात या अडचणीवरचा परंपरागत उपाय म्हणजे आगोटीची खरेदी : मृग निघण्यापूर्वी सुके मासे, मीठ, मिरची, कांदे आणि डाळी घरात भरून ठेवायच्या, म्हणजे चार महिने पेठेचे तोंड पाहावे लागत नाही. प्रवास वाचवण्याची याहून शहाणी युक्ती नाही. पण तिला मे महिन्यात रोकड लागते आणि कोरडी जागा लागते. ठाकर आणि कातकरी वाड्यांमध्ये नेमक्या याच दोन गोष्टींची वानवा असल्याने आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की मोठ्या शेतकऱ्याकडून दिढीने भात उचलण्याची पाळी येत असे. दिढी म्हणजे एक मण घेऊन सुगीला दीड मण परत करणे. चार महिन्यांत पन्नास टक्के वाढ, शिवाय लावणीच्या दिवसांत त्याच शेतावर राबण्याचे बंधन.

या ठिकाणी कर्जत तालुक्याने एक महत्त्वाचा प्रयोग पाहिला आहे. कशेळे येथे काम करणाऱ्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने १९८० च्या दशकात आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका उभ्या केल्या. धान्य बँक म्हणजे वाडीने सामाईकपणे राखलेला भाताचा साठा : टंचाईच्या महिन्यांत सभासदाने त्यातून भात न्यायचे आणि सुगीनंतर दिढीपेक्षा पुष्कळ कमी वाढीने ते परत भरायचे, म्हणजे वाढीचे भात सावकाराच्या कोठारात न जाता वाडीच्याच साठ्यात पडते. प्रयोगाचे वैशिष्ट्य त्याच्या जागेत आहे. स्वस्त धान्याचे दुकान गाडीरस्त्यावर असते आणि पावसाळ्यात तिथपर्यंत जाण्याचाच प्रश्न असतो, तर हा साठा उंबरठ्यापासून चार पावलांवर, गरज पडते त्या महिन्यात आणि गरज पडते तेवढ्याच मापात उपलब्ध होता. भाडे नाही, रोज बुडत नाही, दुकानदाराची मर्जी सांभाळावी लागत नाही. केंद्र सरकारने १९९६–९७ मध्ये याच स्वरूपाची ग्राम धान्य बँक योजना आदिवासी भागांसाठी सुरू केली. सरकारी योजनेत धान्य वरून येत असे आणि परतफेड कोणाकडे करायची हे सभासदाला अंधुकच राहत असे; वाडीच्या साठ्यात शेजाऱ्याने भरले की नाही हे सर्वांना दिसते. साठा टिकण्यामागे हे दिसणे फार मोलाचे असते.

रेशनची कहाणी २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानंतर बदलली. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि २०२३ पासून तेही मोफत, त्यामुळे परवडण्याचा मुद्दा किमतीपुरता मिटला; पोहोचेचा मिटला नाही. दुकानात अंगठा घेणाऱ्या यंत्राला नेटवर्क लागते, माल आल्याचा दिवस ठरलेला नसतो, आणि फेरी फुकट गेली तर मोफत धान्याचेही भाडे बसते. शिवाय ३५ किलोचे ओझे चढावर वाहायचे असते. वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या कातकरी कुटुंबांसाठी कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मुभा कागदोपत्री आली आहे. तिचा उपयोग भट्टीजवळच्या दुकानदाराकडे वाढीव साठा असेल तरच होतो.

आता वाहनांकडे. एसटीचे आगार कर्जतला आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट व त्याआधीपासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास अशा सवलती आहेत. सवलत अर्थातच गाडी जिथे जाते तिथेच मिळते. गाडी नसलेल्या वेळी आणि गाडी नसलेल्या रस्त्यावर मिनीडोर, विक्रम किंवा शेअर रिक्षा चालते, तिला सवलत लागू नाही, आणि तिचे वेळापत्रक एकच असते : भरली की निघते. सकाळी आणि शाळा सुटताना ती लवकर भरते. दुपारी दोनला दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाला तासभर बसून राहावे लागते, किंवा रिकाम्या जागांचे पैसे स्वतः भरावे लागतात. स्वीडिश भूगोलज्ञ टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की माणसाच्या हालचालीवर अंतराइतकीच वेळेची बंधने असतात : दुकान उघडे असण्याची वेळ, गाडीची वेळ आणि घरी हजर असण्याची वेळ या तिन्ही एकत्र जुळल्या तरच सेवा त्याच्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येते. आरोग्याचे सरकारी निकष हे ध्यानात घेत नाहीत. सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण डोकी मोजते, चाल मोजत नाही.

माल वर नेण्याचा खर्च किमतीत कसा उतरतो हे पाहायचे असेल तर माथेरान हे कर्जत तालुक्यातच घडलेले प्रात्यक्षिक आहे. दस्तुरीनाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने किराण्यापासून सिमेंटपर्यंत जवळजवळ सर्व काही घोड्यावर किंवा हातगाडीवर जाते, आणि ती हमाली प्रत्येक वस्तूच्या भावात दिसते. पर्यटक ती हौसेचा भाग समजून देतो, तिथला कायमचा रहिवासी निमूटपणे देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या तेव्हा चर्चा पर्यटक आणि घोडेवाले यांच्याभोवतीच फिरली, शाळकरी मुले आणि रुग्ण यांचा विषय मागे पडला.

वाडीच खाली हलवली तर पोहोचेचा हिशेब कसा उलटतो, हे खालापूर तालुक्यात दिसले. चौकजवळच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकांना पायी चढून जावे लागले आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. वाचलेल्या कुटुंबांसाठी खाली, चौकच्या बाजूला, सिडकोने घरे बांधली. पेठ, शाळा आणि दवाखाना जवळ आले; जंगल, सरपण आणि नाचणी-वरीची जमीन लांब गेली. आता तोच प्रवास उलट दिशेने करावा लागतो, आणि पूर्वी जे फुकट मिळत होते त्यातले काही पेठेतून विकत घ्यावे लागते. पुनर्वसनाच्या हिशेबात पोहोच वाढल्याची नोंद सहज होते, खरेदीची यादी लांबल्याची होत नाही.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पनवेल ते कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा दुपदरी उपनगरी मार्ग घेण्यात आला असून त्यावर चिखले, मोहोपे आणि चौक ही स्थानके आहेत. लोकल धावू लागल्यावर चौकच्या नोकरदाराला पनवेलची मोठी, स्वस्त दुकाने पासाच्या पैशांत हाताशी येतील, आणि महिन्याचा किराणा तो तिथूनच आणील हे क्रिस्टालर यांच्या मांडणीवरून सांगता येते. चौकच्या दुकानदाराचे रोखीचे गिऱ्हाईक अशा रीतीने गेल्यावर त्याच्याकडे उधारीचे तेवढे उरेल. आणि निव्वळ उधारीवर किमान मागणी भरत नाही, त्यामुळे तो एकतर भाव वाढवील किंवा दुकान बंद करील. ज्यांना स्थानकापर्यंत यायलाच अर्धा दिवस लागतो त्या वाड्यांसाठी मग सर्वांत जवळची पेठ पनवेल ठरेल, आणि तिथे वहीत नाव लिहून घेणारे कोणी नसेल.