बर्फातले गिरमिट

सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिले असेल. ते फिरवले की त्याचे टोक लाकडात शिरते आणि पिळाच्या खाचेतून भुसा वर येतो. असेच एक भले मोठे गिरमिट घेऊन लोक गोठलेल्या सरोवराला भोक पाडतात आणि त्या भोकातून गळ सोडून मासे पकडतात!

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात सरोवरे गोठतात. पण गोठतो तो फक्त वरचा थर. 4 अंश सेल्सिअसचे पाणी सर्वांत जड असल्याने ते तळाशी राहते आणि तेथे मासे जगतात. त्यांच्यापर्यंत गळ पोहोचवायचा तर बर्फाला भोक पाडायलाच हवे. पूर्वी हे काम पहारीने किंवा हाताने फिरवायच्या गिरमिटाने करीत. पुढे पेट्रोलची यंत्रे आली. आता पुष्कळ जण घरात वापरायचे, बॅटरीवर चालणारे ड्रिलच गिरमिटाला जोडतात. एवढेसे यंत्र फूटभर बर्फ कसा कापते?

वितळवणे की कापणे?

थोडा हिशोब करू. 15 सेंटिमीटर व्यासाचे आणि 30 सेंटिमीटर खोल भोक पाडायचे, तर पाच किलोग्रॅमला थोडा कमी इतका बर्फ काढावा लागतो. शून्य अंशावरील एक किलोग्रॅम बर्फ वितळवायला 3 लाख 34 हजार ज्यूल ऊर्जा लागते. हा बर्फाचा अप्रकट उष्मा. म्हणजे एका भोकाला सुमारे 16 लाख ज्यूल!

ड्रिलची बॅटरी 18 व्होल्टची व 5 अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात 90 वॅट-तास, म्हणजे 3 लाख 24 हजार ज्यूल ऊर्जा असते. तिने एक किलोग्रॅम बर्फसुद्धा पुरता वितळणार नाही. एका भोकाला अशा पाच बॅटऱ्या लागतील.

पण ड्रिल बर्फ वितळवत नाही, कापते. बर्फाचा गोळा करणारा माणूस लादी किसतो, तसेच हे आहे. वितळवताना सगळ्या बर्फातील रेणूंची बांधणी मोडावी लागते. किसताना ती फक्त कापाच्या जागी मोडते. समजा, ड्रिलने 500 वॅट शक्तीने 30 सेकंदांत भोक पाडले, तर ऊर्जा लागली 15 हजार ज्यूल. वितळवण्याच्या मानाने शंभराव्या हिश्श्याहूनही कमी! कागदावर एका बॅटरीत वीसहून अधिक भोके पडतात.

वेग नव्हे, पीळ

अशा ड्रिलला बहुधा दोन वेग असतात. येथे कमी वेग निवडतात, कारण दातेरी चाकांनी वेग घटवला की पीळ देणारे बल वाढते. रुंद पात्यांना तेच हवे असते. मात्र पाते बर्फात अडकले की प्रतिक्रिया म्हणून ड्रिल स्वतःच उलट फिरू पाहते आणि मनगट मुरगळते. म्हणून बाजूची मूठ लावून ते दोन्ही हातांनी धरतात. ड्रिलची पकड सुटून गिरमिट थेट तळाला जाऊ नये, यासाठी त्याच्या वरच्या टोकाशी भोकापेक्षा रुंद चकती बसवतात.

थंडी आणि बॅटरी

कागदावरचा हिशोब थंडीत मात्र चुकतो. लिथियम-आयन बॅटरीत आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे द्रवातून जातात. थंडीत त्यांची चाल मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. जोर लागताच व्होल्टता घसरते आणि ऊर्जा शिल्लक असूनही ड्रिल थांबते. ऊब मिळाली की तीच बॅटरी पुन्हा चालते. म्हणून जाणकार लोक जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. शून्य अंशाखाली ती चार्ज मात्र करू नये. तसे केल्यास आतील ऋण अग्रावर लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चालत जाणाऱ्या माणसासाठी नवा, स्वच्छ बर्फ किमान 4 इंच, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर जाड हवा, असे मिनेसोटाचा नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग सांगतो. पांढरा, बर्फाळ भुग्याचा थर याहून कमकुवत असतो. म्हणून अनुभवी मच्छीमार काठापासूनच थोड्या थोड्या अंतरावर भोके पाडून जाडी मोजत पुढे जातात. गळ टाकायची वेळ त्यानंतर येते.