बालआहार आणि खेळ – लेखांक ६ : नागली, नकार आणि मोकळे अंगण

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, इगतपुरीपासून त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाण्यापर्यंत पसरलेल्या डोंगरपट्ट्यात वरकस जमिनीवर पिकणारी नागली, म्हणजेच नाचणी, ही कॅल्शियमच्या बाबतीत तृणधान्यांत अग्रेसर असून शंभर ग्रॅम नागलीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम, तर तितक्याच तांदळात १० मिलिग्रॅमच्या आसपास आढळते. मात्र दाण्यातील फायटेट हे द्रव्य लोह व कॅल्शियम यांना धरून ठेवते आणि शरीराला ते पुरते मिळू देत नाही. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून मग दळण्याची जी रीत बाळाच्या खिरीसाठी पाळली जाते तिने हे बंधन सैल होते, म्हणून ती रीत केवळ जुनी म्हणून सोडणे चुकीचे ठरेल.

धान्य सकस असले तरी मूल ते खाईलच असे नाही. दुसऱ्या वर्षापासून पाच-सहा वर्षांपर्यंत अनेक मुले अनोळखी पदार्थाला तोंड लावत नाहीत. या प्रवृत्तीला नवखाद्यभीती म्हणता येईल आणि ती हट्ट नसून वाढीचा स्वाभाविक टप्पा आहे. तोच पदार्थ आठ-दहा किंवा अधिक वेळा, थोडासा, आग्रहाविना ताटात आला आणि घरातील मोठी माणसेही तोच खाताना दिसली, तर बहुतेक मुले त्याला सरावतात. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेले ‘जबाबदारीच्या वाटणी’चे तत्त्व असे की काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. मोबाइलवर गाणे लावून, मूल गुंग झाले की घास भरवणे ही घराघरांत रुळलेली पद्धत याच्या नेमकी उलट आहे, कारण तिने पोट भरल्याची मुलाची स्वतःची जाणीवच बोथट होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यांपैकी ६० मिनिटे धाप लागेल इतकी जोमदार असावी आणि पडद्यासमोरचे बसणे तासाच्या आत राहावे. लंगडी, पकडापकडी, आजोबांबरोबर भाजी आणायला चालत जाणे हे सारे त्यात मोजले जाते. त्यासाठी क्लास लागत नाही.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, तेव्हा देशाचे लक्ष या डोंगरपट्ट्याकडे वळले. परंतु डोंगर चढणारे मूल आपोआप सुदृढ होते असा निष्कर्ष त्यातून काढणे तेथील मुलांवर अन्याय करणारे आहे, कारण चालण्यात खर्च होणारी ऊर्जा ताटातून भरून निघाली नाही तर तेच मूल खंगत जाते. अशा मुलाला वाटणीचे तत्त्व पुरे पडत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते आणि त्याला विशेष आहारासह वैद्यकीय उपचार लागतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून उभ्या राहिलेल्या अंगणवाड्यांत मुलांची वाढ मोजली जाते. सहा वर्षांखालील मूल असलेल्या प्रत्येक घराने, ते वरवर धडधाकट दिसत असले तरी, महिन्यातून एकदा त्याचे वजन आणि उंची तेथे मोजून घ्यावी.